रात्रपाळीच्या मावशींना आधीच माहीत होतं

ताई, नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी स्वयंसेवी संस्थेच्या मुलींच्या बालगृहात काम करते. 50 मुलींची मान्यता आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर इथेच समुपदेशक म्हणून लागले. आठ महिन्यांपूर्वी जुन्या अधीक्षक बाई निवृत्त झाल्या आणि संस्थेने मला अधीक्षक केलं. वय 34. तेव्हापासून मुलींशी धड बोलणं होत नाही. अनुदानाचे प्रस्ताव, पोर्टल, बाल कल्याण समितीची पत्रं, किराण्याची बिलं, यातच दिवस जातो.

गेल्या महिन्यात 14 वर्षांची एक मुलगी पहाटे निघून गेली. पोलिसांना आणि समितीला लगेच कळवलं. दुसऱ्या दिवशी ती बसस्थानकावर सुखरूप सापडली. रात्रपाळीच्या काळजीवाहक मावशी म्हणाल्या, 'दोन दिवस जेवत नव्हती ती. मला वाटलंच होतं.' मग सांगितलं का नाही? मी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला. आता त्या माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नाहीत.

दुसऱ्या एक मावशी इथे 22 वर्षं आहेत. मुलींना त्यांच्याशिवाय करमत नाही. पण मागच्या आठवड्यात त्यांनी एकीच्या कानाखाली मारली. मी पाहिलं नाही, त्या मुलीनेच सांगितलं. माझ्या बरोबरीच्या केसवर्करने वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, त्यात मी नाही. संस्थेचे सचिव म्हणतात, तुमच्यात नेतृत्वगुण कमी पडतात, पुण्यात पाच दिवसांचं निवासी नेतृत्व शिबिर आहे, जाऊन या. आणि वर, मुलींची संख्या कमी होऊ देऊ नका. मी जाऊ का? की हे पदच माझ्यासाठी नाही?

— एक अधीक्षक

नमस्कार.

आधी त्या कानाखालीचं बोलू. बाकी सगळं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. मुलीने तुम्हाला सांगितलं आणि त्याला आठवडा होत आला.

बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 82 नुसार बालगृहात शिस्तीसाठी म्हणून मुलाला मारणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरलं तर 10,000 रुपये दंड, पुन्हा घडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याची नोकरी जाऊ शकते आणि पुढे मुलांसोबत थेट काम करायलाही बंदी येते. मारहाण क्रूरतेत मोडली तर कलम 75 लागतं, आणि सांभाळ करणाऱ्या संस्थेतल्या माणसासाठी तिथली शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. चौकशीला व्यवस्थापनाने सहकार्य केलं नाही, तर कलम 82 मध्येच व्यवस्थापनाच्या प्रमुखाला किमान तीन वर्षांची कैद सांगितली आहे. हे आकडे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. 'आपसात मिटवू, कशाला कागदावर' असं उद्या कोणी म्हणालं, तर उत्तर तयार असावं म्हणून लिहिलं.

तेव्हा आजच त्या मुलीला भेटा. काय झालं ते तिच्या शब्दांत ऐका, कान दुखतोय का विचारा, डॉक्टरांना दाखवा. मावशींची ड्यूटी चौकशी होईपर्यंत तिच्या खोलीपासून दूर लावा. मग बाल कल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा. पण पत्र जायच्या आधी मावशींना स्वतः बोलवा. 'मावशी, परवा जे झालं ते मी समितीला कळवतेय. ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून आधी तुम्हालाच सांगतेय.' एवढंच. लगेच पुढे 'पण तुमचं इथलं योगदान खूप मोठं आहे' असं जोडू नका. 22 वर्षांचं काम खरंच मोठं आहे आणि त्याबद्दल बोलायला वेगळा दिवस आहे. दोन्ही एका दमात सांगितलं की मावशींच्या कानात फक्त कौतुक राहतं आणि त्या मुलीच्या कानात फक्त कानाखाली. आणि हो, सगळ्या मुलींसमोर माफी मागायला लावायचा कार्यक्रम करू नका. आपल्याकडे त्याची फार हौस असते.

आता खुलाशाकडे येते. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य रात्रपाळीच्या मावशींचं आहे: 'मला वाटलंच होतं.' तुमच्या बालगृहात मुलगी निघून जाण्याच्या दोन दिवस आधीच ते एका माणसाला कळलं होतं. ही साधी गोष्ट नाही. कितीतरी ठिकाणी ते कोणालाच कळत नाही. ताट तसंच परत गेलेलं पाहणारी, रात्री अंथरुणातले हुंदके ऐकणारी, भेटीच्या रविवारी कोणाची आई आली नाही हे लक्षात ठेवणारी बाई तुमच्याकडे आहे. ती बातमी ऑफिसपर्यंत पोचली नाही. आणि तुम्ही तिच्या हातात खुलाशाचं पत्र दिलंत.

त्या पत्राने मावशी काय शिकल्या असतील? पुढच्या वेळी काही जाणवलं तर 'वाटलंच होतं' म्हणायचं नाही, 'मला काही दिसलं नाही' म्हणायचं. न दिसल्याबद्दल कोणी खुलासा मागत नाही. तुमची चीड मला समजते. मुलगी बाहेर असताना तुम्हाला झोप लागली नसणार. तरी माझ्या मते हे पत्र चुकलं, आणि ते तुम्ही मागे घ्यावं, तेही लेखी. त्यांना बोलावून सांगा की तुम्हाला आधी कळलं होतं हे मला महत्त्वाचं वाटतं, ते माझ्यापर्यंत यायला कुठे अडलं तेवढं सांगा. त्या बहुधा सांगतील की जुन्या बाईंना रात्री उठवलेलं चालत नसे, किंवा मागे कधी सांगितलं तर 'तुम्ही उगाच लावून घेता' असं ऐकावं लागलं. काहीही सांगोत, त्यावर बचाव करू नका.

सचिव ज्याला नेतृत्वगुण म्हणतात ते काय असतं मला नक्की कळत नाही. पण बालगृहाच्या अधीक्षकाचं नेतृत्व मी एका गोष्टीवरून ओळखते: वाईट बातमी सगळ्यात खालच्या माणसाकडून तिच्या टेबलापर्यंत किती वेळात येते. बाकी भाषण, व्यक्तिमत्त्व, पाहुण्यांसमोर संस्थेची माहिती छान सांगता येणं, हे सगळं असलं तर उत्तम. नसलं तरी मुलींचं काही बिघडत नाही.

बातमी वर येण्यासाठी रोज चालणारी वाट लागते आणि ती तुम्हाला माहीत आहे. एमएसडब्ल्यूला असताना दर आठवड्याला तुमची आयसी, म्हणजे सुपरवायझरसोबतची वैयक्तिक बैठक, होत असणार. फिल्डवर्कचं रेकॉर्डिंग लिहायचं, ते सुपरवायझर वाचणार, मग समोर बसून विचारणार: तू तिला हा प्रश्न का विचारलास, तेव्हा तुला काय वाटलं, पुढच्या भेटीत काय करशील. मग सगळ्या गटाची बैठक, ती जीसी. विद्यार्थी असताना वैताग यायचा त्याचा, नाही? समाजकार्य शिकवणारी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1936 साली सुरू झाली, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था 1963 साली. समाजकार्याच्या शिक्षणात ही पद्धत इतकी मुरलेली आहे. नोकरी लागली की मात्र ती संपते. ज्यांनी एमएसडब्ल्यू केलं त्यांना निदान दोन वर्षं मिळाली. ज्या मावशी मुलींसोबत प्रत्यक्ष रात्र काढतात, त्यांना आयुष्यात एकदाही कोणी असं समोर बसून विचारलेलं नसतं.

तुमचं पहिलं काम तेच. प्रत्येक काळजीवाहकाला पंधरा दिवसांतून एकदा चाळीस मिनिटं. दार लावून, फोन बाहेर ठेवून, दोघींचा चहा. रजिस्टर उघडायचं नाही, साबणाचा हिशेब विचारायचा नाही. मी सुरुवात या प्रश्नाने करेन: 'या पंधरवड्यात घरी गेल्यावरसुद्धा कोणती मुलगी डोक्यात राहिली?' पहिल्या दोन वेळा उत्तर येईल, 'सगळं ठीक आहे मॅडम.' येऊ द्या. तिसऱ्या वेळी नाव येतं. ते आलं की तुमच्या तोंडून पहिलं वाक्य 'बरं झालं सांगितलंत' हेच निघायला हवं. उपाय, नियम, नोंद सगळं त्यानंतर. शेवटची पाच मिनिटं त्यांच्या स्वतःसाठी ठेवा. अत्याचारातून आलेल्या मुलींना कुशीत झोपवणाऱ्या बाईच्या पोटातही काहीतरी साठत असतं, आणि ते बाहेर यायला जागा नसली की कधी कधी ते हातातून बाहेर येतं. तुमच्या जुन्या मावशींच्या कानाखालीला ही सबब नाही. पुढची टाळायची असेल तर मात्र पाहायची जागा हीच आहे.

इझाबेल मेंझिस नावाच्या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास करून 1960 साली तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की दुःख आणि मृत्यूच्या इतक्या जवळ राहण्याची भीती सोसवत नाही म्हणून सगळी व्यवस्थाच तशी बांधली गेली होती. एका परिचारिकेने एका रुग्णाजवळ फार वेळ राहायचं नाही, कामाचे तुकडे करायचे, रुग्णाचं नाव न घेता 'दहा नंबरच्या खाटेवरचं यकृत' म्हणायचं. त्यामुळे भीती कमी झाली नाही. ज्यांना माणसांत जीव गुंतवायचा होता अशा चांगल्या मुली मात्र शिक्षण अर्धवट टाकून निघून जात होत्या. आपल्याकडे 'ती पॉक्सोवाली' (बाललैंगिक अत्याचाराच्या कायद्यावरून), 'तो एकपालकवाला' म्हणतात ते कशातून येतं ते यावरून कळावं. आणि दर सहा महिन्यांनी नवी काळजीवाहक का शोधावी लागते, तेही. पगार हे कारण आहेच, पण एकटा पगार नाही.

'चाळीस मिनिटं आणू कुठून?' हा तुमचा प्रश्न मला इथून ऐकू येतो. तो खरा आहे. बाल न्याय कायद्याखालच्या 2016 च्या केंद्रीय आदर्श नियमांत 100 मुलांच्या संस्थेसाठी सुचवलेली माणसं पाहा: तीन केसवर्कर किंवा बाल कल्याण अधिकारी, दोन समुपदेशक आणि गृहमाता फक्त चार. तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टी यांचा हिशेब केला तर 100 मुलांमागे एका वेळी जेमतेम एक बाई उरते. हे कागदावरचं. प्रत्यक्षात यातल्याही जागा रिकाम्या असतात. तेव्हा वेळ कोणी देणार नाही, दुसऱ्या कामातून काढावा लागेल. पोर्टलवर माहिती भरणं आणि बिलं तुम्ही स्वतः का करता? हिशेबनीस असेल तर त्यांच्याकडे द्या, नसेल तर केसवर्करला शिकवा आणि सहीपुरत्या तुम्ही उरा. जुन्या बाई सगळं स्वतः करायच्या म्हणून ते अधीक्षकाचं काम झालं, असं नाही. पाळी बदलताना दहा मिनिटं समोरासमोर हस्तांतरण ठेवा: कोण जेवली नाही, कोणाचा फोन आला नाही, कोण गप्प आहे. उद्यापासून करता येईल आणि पैसे लागत नाहीत.

मावशी ज्या गोष्टी सांगणार नाहीत त्या मुली सांगतील, अशी वाटही हवी. कायद्याने सहा वर्षांवरील मुलांच्या प्रत्येक संस्थेत मुलांची स्वतःची बाल समिती लागते. तुमच्याकडे ती रजिस्टरमध्ये असेलच. ती भरते का? सूचनापेटी ऑफिसपासून दूर आणि मुलींच्या राहण्याच्या जागेजवळ असावी, तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी आणि ती दर आठवड्याला बाल समितीतल्या मुलींसमोर उघडावी, असं नियम सांगतात. किल्ली अधीक्षकाकडे ठेवलेली नाही, हे मुद्दाम. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या निवारागृहात मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण आठवत असेल. तिथला प्रकार 2018 मध्ये उघडकीस आला तो टाटा संस्थेच्या 'कोशिश' गटाने बिहारमधल्या निवारागृहांचं सामाजिक अंकेक्षण करताना मुलींशी बोलून. 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत निवारागृहातल्या बायकाही होत्या आणि बाल कल्याण समितीशी व जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संबंधित माणसंही. म्हणजे ज्यांनी तपासायचं तेच आत सामील. तुमच्या घराची तुलना त्याच्याशी करत नाही. पण तपासणी समिती तीन महिन्यांतून एकदा येते, म्हणून आपल्याकडे सगळं समजतं, या समजुतीत राहू नका.

संख्येचं. 'मुली कमी होऊ देऊ नका' हे सचिवांनी म्हणावं यात नवल नाही. अनुदान डोक्यावर मोजलं जातं आणि संस्थेला वीजबिल भरायचं असतं. पण बाल न्याय कायद्याचंच तत्त्व आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. तुमच्या 50 मधल्या किती मुली फक्त घरी पैसे नाहीत म्हणून आल्या आहेत, हे प्रत्येकीच्या वैयक्तिक काळजी योजनेत शोधा. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या प्रायोजकत्वात 4000. काही आयांना तेवढ्यावर मुलगी घरी ठेवता येते. अशा दोन-तीन मुलींचे प्रस्ताव तयार करून बाल कल्याण समितीपुढे ठेवा. घरी पाठवायचं की नाही हे ठरवणारी समिती आहे, सचिव नाहीत. इथे तुमचं त्यांच्याशी वाजेल. वाजू द्या. जिथे रिकामी झालेली खाट अपयश म्हणून मोजली जाते, तिथला अधीक्षक हळूहळू वसतिगृहाचा रेक्टर होतो.

व्हॉट्सॲप ग्रुपचं मनावर घेऊ नका. त्यात तुमच्याबद्दल बोलतात, बोलणारच. तुम्हीही जुन्या बाईंबद्दल बोलत असाल. फक्त केसवर्करला एकदा विचारा की अधीक्षकपद तिला हवं होतं का. हवं असेल तर बोलायला विषय मिळाला, कारण तुमच्यानंतर कोण हा प्रश्न तसाही सोडवायचा आहे.

आता शिबिर. जा. पण जाण्याआधी सचिवांना वेळापत्रक मागा. पाचांपैकी तीन दिवस फुगे फुगवण्यात आणि डोळे मिटून मागे पडण्यात जाणार असतील तर ते बँकेच्या शाखाधिकाऱ्यांसाठी ठीक आहे. तुमच्या वेळापत्रकात निदान मुलांचा आघात, कर्मचाऱ्यांचं सुपरव्हिजन आणि तक्रार हाताळणं एवढं असावं. बंगळुरूच्या निम्हान्सचा 'संवाद' उपक्रम बालसंरक्षणातल्या लोकांसाठीच प्रशिक्षण घेतो, त्याची चौकशी जिल्हा कक्षामार्फत करा. आणि कुठेही गेलात तरी एकट्या जाऊ नका, एका मावशींना सोबत न्या. संस्था म्हणेल, त्यांना काय कळणार. रात्री 50 मुली त्यांच्या ताब्यात देताना हा प्रश्न कोणाला पडत नाही.

पद तुमच्यासाठी आहे की नाही, हे आठ महिन्यांत ठरवू नका. तुम्ही चांगल्या समुपदेशक होतात म्हणून हे पद मिळालं आणि समुपदेशकाचं ऐकण्याचं काम आता तुम्ही मुलींऐवजी मावशींसाठी करायचं आहे. ते करून पाहा. मुलींपासून दूर गेल्याची खंत त्याने निम्मी तरी कमी होईल असं मला वाटतं. सगळी नाही जाणार.

एक शेवटचं, अगदी व्यवहाराचं. आठ महिन्यांत तुम्ही रजा घेतल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. मे महिन्यात आठवडाभर रजा घ्या. कार्यभार केसवर्करकडे लेखी द्या, पोर्टलचा पासवर्ड आणि कपाटाच्या किल्ल्यांसकट. मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न सोडला तर फोन करायचा नाही असं सगळ्यांना सांगा. परत आल्यावर कोणाला न रागावता विचारा, माझ्यावाचून काय काय अडलं. जे अडलं त्याची यादी सचिवांसमोर ठेवा, आणि माणसं व प्रशिक्षण मागायचं ते त्या यादीवर बोट ठेवून मागा.